खटका वर, दिवा बंद : कॉकपिटच्या स्विचांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या फ्लाइट सिम्युलेटरला खरे स्विच कसे जोडायचे ते लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं वाचताना लक्षात आलं की वायरी जोडणं बहुतेकांना जमलं आहे. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. हातातला खटका एक सांगतो आणि पडद्यावरचा दुसरंच. विमानांच्या उपकरणांच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. तिथे वायर ओढण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लागते : हा स्विच 'मी इथे आहे' असं सांगतो, की 'आत्ता काहीतरी झालं' एवढंच सांगतो? खालच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून पहिलं उत्तर लांबलं आहे.

प्रश्न : ताई, मी एक टॉगल स्विच (वर-खाली करायचा खटका) आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डला जोडून सिम्युलेटरमध्ये लँडिंग लाइटला दिला. स्विच वर केला की दिवा लागतो. खाली केला की काहीच होत नाही. पुन्हा वर केला की दिवा विझतो! कधी तर उड्डाण सुरू होतानाच दिवा लागलेला असतो आणि मग सगळंच उलटं चालतं. वायरिंग पुन्हा पुन्हा तपासलं. बोर्ड खराब आहे का?

उत्तर : बोर्ड चांगला आहे आणि वायरिंगही बरोबर आहे. चूक कमांडच्या निवडीत आहे. सिम्युलेटरच्या यादीत लँडिंग लाइटसाठी जी कमांड सगळ्यांत आधी डोळ्यात भरते ती 'टॉगल' असते, म्हणजे 'आत्ता जे आहे त्याच्या उलट कर'. कीबोर्डच्या कळीसाठी ती ठीक, कारण कळ दाबून सोडली की पुन्हा मूळ जागी येते, तिला स्वतःची अशी स्थिती नसते. तुमचा खटका मात्र वर ठेवला तर वरच राहतो. त्याला 'उलट कर' ही कमांड दिलीत की तो जिन्यातल्या दिव्याच्या स्विचसारखा होतो. खालचा आणि वरचा असे दोन स्विच एकाच दिव्याला असले की नुसत्या स्विचकडे बघून दिवा लागलाय की नाही ते सांगता येत नाही. जिन्यात चालतं, कॉकपिटमध्ये चालत नाही. तिथे अंधारात बोट फिरवून खटका वर आहे की खाली एवढ्यावरून दिव्याची अवस्था कळली पाहिजे.

वेगळं सॉफ्टवेअर न घेता करता येण्याजोगा उपाय असा. तुमचा स्विच तीन टोकांचा असेल, म्हणजे मधलं टोक कॉमन आणि दोन्ही बाजूंना एकेक, तर कॉमन ग्राउंडला जोडा आणि दोन्ही बाजूची टोकं बोर्डच्या दोन वेगवेगळ्या पिनांना न्या. सिम्युलेटरला आता एका स्विचची दोन बटणं दिसतील. खटका वर असताना एक दाबलेलं, खाली असताना दुसरं. पहिल्याला 'लँडिंग लाइट ऑन' द्या, दुसऱ्याला 'लँडिंग लाइट ऑफ'. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये या दोन्ही कमांड 'टॉगल'पासून वेगळ्या दिलेल्या आहेत. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही यादी थोडी खाली सरकवून शोधा. पिन दुप्पट खर्ची पडतात हे खरं, पण एका खटक्यामागे एक जास्तीची पिन हा सौदा मी डोळे मिटून करीन.

तुमच्या स्विचला दोनच टोकं असली तर 'सुटल्यावर काय करायचं' हे सांगता येणारा संगणकावरचा प्रोग्राम मध्ये घ्यावा लागेल. मोबीफ्लाइट, एफएसयूआयपीसी, स्पॅड नेक्स्ट यांपैकी कुठलाही चालेल. त्यात 'दाबल्यावर ऑन, सुटल्यावर ऑफ' असं लिहिता येतं.

आता पत्रातली दुसरी तक्रार, उड्डाण सुरू होतानाच उलटं असण्याची. ती ऑन-ऑफ वेगळे केल्यावरही थोडी उरते. सिम्युलेटर बहुधा बदल झाला की लक्ष देतो. बटण आधीपासूनच दाबलेलं असेल तर त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. तुम्ही धावपट्टीवर इंजिन चालू असलेलं विमान मागितलंत, तर सिम्युलेटर आपल्या मनाने दिवे लावून देतो आणि तुमच्या पॅनेलवरचे खटके मात्र काल रात्री ठेवले तसेच असतात. मोबीफ्लाइटमध्ये सगळ्या स्विचांची आत्ताची स्थिती पुन्हा पाठवण्याची सोय आहे. एक बटण त्याला देऊन ठेवा आणि विमान पूर्ण लोड झालं की दाबा. डीसीएस वर्ल्ड या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये मिशन सुरू होताना कॉकपिट प्रत्यक्ष कंट्रोलशी जुळवून घेण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. यातलं काहीच नसेल तर सगळं बंद असलेल्या विमानापासून सुरुवात करा, पॅनेलवरचे सगळे खटके बंद ठेवा आणि चेकलिस्टप्रमाणे एकेक चालू करत जा. खरा वैमानिकही बसल्या बसल्या हेच करतो, प्रत्येक स्विच जिथे असायला हवा तिथे आहे का ते बघतो. मला तरी हीच पद्धत सर्वांत आवडते.

आणि एकदा खटका जोडला की तो दिवा पडद्यावर माउसने लावायचा-विझवायचा नाही. दोन मालक झाले की पुन्हा गोंधळ.

प्रश्न : तीन जागांचा स्विच घेतला आहे. वर आणि खाली नीट ओळखतो, मधली जागा कुठेच दिसत नाही. स्विच सदोष आला का?

उत्तर : नाही. ऑन-ऑफ-ऑन जातीच्या स्विचमध्ये मधल्या जागी कॉमन कशालाच चिकटलेला नसतो. त्यामुळे 'दोन्ही बाजू मोकळ्या' हीच मधल्या जागेची खूण. बोईंग ७३७ चा पोझिशन लाइटचा स्विच घ्या : एका टोकाला स्ट्रोब (लुकलुकणारे दिवे) आणि स्थिर दिवे दोन्ही, मध्ये बंद, दुसऱ्या टोकाला नुसते स्थिर दिवे. इथे दोन्ही टोकांच्या 'सुटल्यावर'च्या खान्यात 'बंद' लिहिलं की काम झालं. वरून सुटला काय, खालून सुटला काय, मधेच येणार.

एअरबस ए३२० च्या स्ट्रोबला मध्ये 'ऑटो' असतं. तिथे सुटल्यावर 'ऑटो' पाठवायचं. युक्ती तीच.

प्रश्न : मग तीच युक्ती मी सेसना १७२ च्या मॅग्नेटोला (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या स्विचला) वापरली. पाच जागांचा फिरता स्विच आहे आणि 'काहीच लागलेलं नाही म्हणजे ऑफ' असं धरलं. एक पिन वाचली. पण राइटवरून लेफ्टवर नेताना इंजिन क्षणभर मरतं.

उत्तर : इथे ती युक्ती लागू पडत नाही. फिरत्या स्विचची पाती एका टोकावरून उठून दुसऱ्यावर टेकेपर्यंत मध्ये क्षणभर कुठेच नसते. तेवढ्यात तुमचा बोर्ड म्हणतो, 'काहीच लागलेलं नाही, म्हणजे ऑफ', आणि इमानेइतबारे मॅग्नेटो बंद करतो. टॉगल स्विचमध्ये मधली जागा ही खरी थांबण्याची जागा असते. इथली मधली जागा नुसती वाटेवरची आहे.

ऑफला स्वतःची पिन द्या. ऑफ, राइट, लेफ्ट, बोथ या चारही जागा स्वतंत्र वाचा, आणि काहीच लागलेलं नसेल तर बोर्डने काहीही पाठवायचं नाही, आधीची स्थिती तशीच राहू द्यायची. स्टार्टबद्दल तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. खऱ्या किल्लीला स्टार्टवर स्प्रिंग असते, सोडली की ती बोथवर परत येते. साध्या फिरत्या स्विचला ही स्प्रिंग नसते, त्यामुळे स्टार्टर लागलेलाच राहील. एक तर स्प्रिंगवाला किल्ली-स्विच घ्या, नाहीतर पाचवी जागा मोकळी सोडून शेजारी साधं दाबायचं बटण बसवा. एक्स-प्लेनमधली स्टार्टरची कमांड बटण दाबून धरलेलं असेपर्यंतच चालते, म्हणून ते बटण तिला चपखल बसतं.

प्रश्न : सहा आडव्या ओळी, सहा उभ्या रांगा अशी मॅट्रिक्स (वायरींची जाळी, प्रत्येक छेदावर एक स्विच) करून ३६ स्विच १२ पिनांत बसवले. आनंद टिकला नाही. बॅटरी, एव्हिऑनिक्स आणि पिटो हीट हे तिन्ही चालू केले की टॅक्सी लाइट आपोआप लागतो. त्याच्या स्विचला मी हातही लावलेला नसतो.

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या आकृतीत याचं उत्तर आहे. बॅटरी पहिल्या ओळीत पहिल्या रांगेत. एव्हिऑनिक्स पहिल्या ओळीत दुसऱ्या रांगेत. पिटो हीट दुसऱ्या ओळीत पहिल्या रांगेत. चौकोनाचे तीन कोपरे झाले. चौथा कोपरा दुसऱ्या ओळीत दुसऱ्या रांगेत, आणि तिथे बरोबर टॅक्सी लाइट बसला आहे.

बोर्ड जेव्हा दुसरी ओळ तपासतो तेव्हा करंटला टॅक्सी लाइटचा रस्ता बंद असतो, पण आडवाट मोकळी असते. दुसऱ्या रांगेतून एव्हिऑनिक्सच्या स्विचमधून पहिल्या ओळीवर, तिथून बॅटरीमधून पहिल्या रांगेत, आणि पिटो हीटमधून दुसऱ्या ओळीवर. बोर्डला वाटेशी देणंघेणं नाही, त्याला दोन टोकं जोडलेली दिसली की स्विच लागला असं तो समजतो. कीबोर्डवर एका वेळी दोन-तीन कळाच दाबल्या जातात म्हणून हा घोळ क्वचित जाणवतो. कॉकपिटमध्ये उड्डाण चालू असताना निम्मे खटके सतत लागलेले असतात, त्यामुळे डायोडविना, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाविना, मॅट्रिक्स इथे चालायचीच नाही.

प्रत्येक स्विचबरोबर एक १एन४१४८ डायोड एकसरीत घाला. प्रत्येक म्हणजे छत्तीसच्या छत्तीस. जिथे गडबड दिसली तिथेच घालून भागत नाही. सगळ्यांची दिशा एकच हवी. डायोडच्या काचेवर एका टोकाला काळा पट्टा असतो. तुमचं फर्मवेअर (बोर्डवर भरलेला प्रोग्राम) ओळीला शून्याकडे खेचून रांगा वाचत असेल तर पट्टा ओळीकडे करायचा. उलट असेल तर उलटा. आधी चौकोनातल्या चारच स्विचांना डायोड झाळून बघा. दिशा चुकली असेल तर ते चारही स्विच गप्प होतील, काही जळणार नाही. बरोबर ठरली की उरलेले बत्तीस.

दुसरा मार्गही सांगून ठेवते. आर्डुइनो मेगा २५६० ला ५४ डिजिटल पिना आणि वर १६ अॅनालॉग असतात. पन्नासेक स्विचांपर्यंत मॅट्रिक्स करूच नका, प्रत्येकाला आपली पिन द्या. पुढे काही बिघडलं तर मल्टिमीटर घेऊन दोन मिनिटांत सापडतं. पिना कमी पडल्याच तर एमसीपी२३०१७ ही चिप दोन वायरींवर १६ पिना वाढवून देते.

प्रश्न : मी शाळेत आहे. आर्डुइनो उनो आहे. संगणकाला जोडला तर जॉयस्टिक म्हणून दिसत नाही. काय करू?

उत्तर : आर३ पर्यंतच्या उनोच्या मुख्य चिपला स्वतःचं यूएसबी नाही, म्हणून तो सरळसरळ जॉयस्टिक होत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रोवर एटीमेगा ३२यू४ चिप असते, तिला ते जमतं. पण नवा बोर्ड घ्यायची घाई करू नकोस. मोबीफ्लाइट उनोबरोबर चालतं आणि त्याला जॉयस्टिक लागतच नाही, ते सिम्युलेटरशी थेट बोलतं. असलेल्या बोर्डवर चार स्विच जोडून शीक.

प्रश्न : ऑटोपायलटच्या हेडिंगसाठी (विमानाच्या दिशेसाठी) रोटरी एन्कोडर, म्हणजे दर खटक्याला इशारा देणारी फिरती घुंडी, लावला आहे. हळू फिरवला तर ठीक. जोरात फिरवून थांबलो की पडद्यावरचा आकडा मात्र फिरतच राहतो, आणि त्याला थांबवायला मी उलटा फिरवला की आणखी गोंधळ. एन्कोडर जॉयस्टिकची दोन बटणं म्हणून जोडला आहे, एक डावीकडे, एक उजवीकडे.

उत्तर : यात थोडा हिशेब मांडला की सगळं उलगडतं. सिम्युलेटर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, एकदा बटणांकडे बघतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. एन्कोडरच्या खटक्याचा इशारा त्याहून आखूड असेल तर तो दोन फ्रेमच्या मधल्या फटीत हरवतो. म्हणून फर्मवेअर प्रत्येक खटका मुद्दाम लांबवून पाठवतं. समजा बटण ५० मिलिसेकंद दाबलेलं आणि ५० मिलिसेकंद सुटलेलं. म्हणजे सेकंदाला दहाच खटके पोचणार. तुम्हाला ०१० वरून १९० वर जायचं आहे, म्हणजे १८० खटके. पोचायला १८ सेकंद लागणार. तुम्ही मात्र तीन-चार सेकंदांत फिरवून मोकळे झालात. उरलेले खटके रांगेत उभे असतात आणि एकेक करून जात राहतात. तुम्ही उलटे फिरवलेलेही त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन लागतात.

वेळ ३५-३५ वर आणून बघा, थोडा फरक पडेल. पण खरा उपाय म्हणजे एन्कोडरला बटणाचं सोंग घ्यायला लावणंच बंद करायचं. मोबीफ्लाइटमध्ये एन्कोडर हा एन्कोडर म्हणूनच जोडला जातो आणि त्यात हळू-डावीकडे, जलद-डावीकडे, हळू-उजवीकडे, जलद-उजवीकडे असे चार वेगळे इशारे मिळतात. हळू फिरवल्यावर एक अंश, जलद फिरवल्यावर दहा अंश असं द्या. नेहमीच्या एन्कोडरला एका फेरीत २० खटके असतात. १८० अंशांसाठी एकेका अंशाने नऊ फेऱ्या माराव्या लागतील, आणि वळताना तेवढा वेळ कोणाकडे असतो?

तुमच्याच पत्राच्या खाली एकांनी विचारलं आहे की दोन खटक्यांना एकच आकडा का सरकतो. एन्कोडर दोन तऱ्हेचे मिळतात. काहींत एका खटक्यात दोन्ही वायरींचं चक्र पूर्ण होतं, काहींत अर्धंच. फर्मवेअरमध्ये एन्कोडरचा प्रकार निवडायची जागा असते, तो बदला. तिथे एक खटका बरोबर एक आकडा आला पाहिजे, त्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : एका निवृत्त विमानातले जुने स्विच मिळाले आहेत. काय वजन, काय आवाज! पण आर्डुइनोला जोडले की कधी लागतात, कधी नाही. दोन-चारदा खटखट केलं की मग चालतात. मल्टिमीटरवर नीट दिसतात.

उत्तर : हे पत्र वाचून फार बरं वाटलं. असे स्विच फेकू नका, त्यांना लागतं ते द्या.

विमानातला हा स्विच २८ व्होल्टवर, काही अँपिअरचा भार तोडण्या-जोडण्यासाठी बनलेला असतो. त्याच्या आतले संपर्क बहुधा चांदीचे. चांदीवर हवेतल्या गंधकाने काळसर थर चढतो. भरपूर करंट असला की त्या थराला तो जुमानत नाही, प्रत्येक वेळी उडणाऱ्या बारीक ठिणगीने पृष्ठभाग साफही होत राहतो. आर्डुइनोच्या पिनेतला आतला पुल-अप रेझिस्टर (स्विच मोकळा असताना पिनेला पाच व्होल्टकडे धरून ठेवणारा) २० ते ५० किलोओहमचा असतो. पाच व्होल्टला त्यातून फार तर पाव मिलिअँपिअर जातो, कधी त्याच्याही निम्मा. एवढ्याशा करंटला तो थर भेदता येत नाही.

पाच व्होल्ट आणि पिन यांच्यामध्ये बाहेरून एक किलोओहमचा रेझिस्टर लावा. आता स्विच लागल्यावर त्यातून पाच मिलिअँपिअर जातील, म्हणजे निदान वीस पट. बहुतेक जुने स्विच एवढ्याने ताळ्यावर येतात. त्याआधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आत मारून खटका बराच वेळ खालीवर करा. शक्य असेल तर हे रेझिस्टर सगळ्या जुन्या स्विचांना एकाच पट्टीवर ओळीने झाळा, पुढे तपासायला सोपं जातं.

एकाच बाबतीत जपा. काही विमानी स्विचांत आत चुंबकाची गुंडाळी असते, ती खटक्याला धरून ठेवते आणि काम झालं की सोडते. त्या गुंडाळीला २८ व्होल्ट लागतात. बऱ्याच दिव्यांनाही तेवढेच लागतात. ते २८ व्होल्ट चुकून बोर्डच्या पिनेवर आले तर बोर्ड गेलाच. तो पुरवठा पूर्ण वेगळा ठेवा आणि मधे रिले घाला.

प्रश्न : ए३२० च्या ओव्हरहेड (डोक्यावरच्या) पॅनेलसाठी दाबल्यावर आत राहणारी बटणं घ्यावीत की दाबून सुटणारी? आणि बटणाच्या आतला दिवा बटणावरूनच लावला तर चालेल ना?

उत्तर : दाबून सुटणारी घ्या. खऱ्या ए३२० मध्ये त्यातली बरीच बटणं आत राहतात हे मला ठाऊक आहे, तरीही. कारण एअरबसमध्ये अवस्था कळते ती बटणाच्या उंचीपेक्षा त्याच्यावरच्या अक्षरांवरून. जनरेटर नीट चालू असेल तर बटण काळं, बंद केलात तर पांढरं 'ऑफ', बिघडला तर पिवळट 'फॉल्ट'. सगळं ठीक तर सगळं अंधारात, अशी त्या कॉकपिटची रचनाच आहे. सुटणाऱ्या बटणाला टॉगल कमांड दिली तरी चालते, कारण त्याला विसंगत व्हायला स्वतःची स्थितीच नाही. खरं काय ते दिवा सांगतो.

आणि म्हणूनच दिवा बटणावरून लावायचा नाही. कधीच नाही. बटणावरून लावलेला दिवा फक्त 'तुम्ही दाबलंत' एवढं सांगतो, आणि ते तुम्हाला माहीतच असतं. दिवा सिम्युलेटरकडून आलेल्या माहितीवर लागला पाहिजे. जनरेटर चालू करूनही तो जोडला गेला नाही, तर ते तुम्हाला फक्त दिव्यावरून कळणार आहे. दिवे थोडे असतील तर आर्डुइनोच्या पिनेवरून, मध्ये ३३० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालून लावा. जास्त असतील तर ७४एचसी५९५ या चिपा एकापुढे एक जोडा, तीन पिनांत हवे तेवढे दिवे होतात.

बोईंग ७३७ बनवणाऱ्यांनीही विकत घेण्याआधी खऱ्या स्विचची जात बघावी. तिथले जनरेटरचे स्विच दिसायला टॉगल असले तरी स्प्रिंगने मधे परत येतात. एपीयूचा (विमानातल्या छोट्या सहायक इंजिनाचा) स्विच ऑफ आणि ऑनवर थांबतो, स्टार्टवरून मात्र स्वतःहून ऑनवर येतो. छायाचित्रात हे कळत नाही, विमानाच्या नियमावलीत लिहिलेलं असतं.

प्रश्न : साध्या विमानात माझं पॅनेल उत्तम चालतं. विकत घेतलेल्या एका मोठ्या जेटमध्ये निम्मे स्विच मुके. का?

उत्तर : त्या विमानाच्या निर्मात्याने बॅटरी, पंप, पॅक ही सगळी यंत्रणा स्वतः लिहिलेली असते आणि सिम्युलेटरच्या ठरावीक कमांडकडे ती लक्षच देत नाही. तिच्या स्वतःच्या व्हेरिएबलना (प्रत्येक स्विचची स्थिती साठवणाऱ्या आकड्यांना) हात घालावा लागतो. मोबीफ्लाइटचा हबहॉप हा सामायिक साठा आहे, त्यात लोकप्रिय विमानांचे बरेच इशारे लोकांनी शोधून ठेवले आहेत. आधी तिथे बघा. एक्स-प्लेनमध्ये डेटारेफटूल नावाचा प्लगइन बदललेली व्हेरिएबल वेगळी दाखवतो. पडद्यावरचा स्विच माउसने हलवा आणि कोणता आकडा बदलला ते बघा, तोच तुमचा. डीसीएससाठी डीसीएस-बायोस हे सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक विमानाची जोडणी वेगळ्या नावाने साठवा, जुनी पुसून नवी करत बसू नका.

प्रश्न : बोर्डला ४० बटणं आहेत, विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत ३२ च दिसतात.

उत्तर : ती खिडकीच जुनी आहे, ३२ च्या पुढे दाखवत नाही. विंडोज एका जॉयस्टिकची १२८ बटणं धरतं. उरलेली आठ सिम्युलेटरच्या कंट्रोलच्या पानावर तपासा.

प्रश्न : अजून काहीच घेतलेलं नाही. वेळही आठवड्याला थोडाच मिळतो. पहिल्यांदा काय जोडू?

उत्तर : उतरण्याच्या वेळी ज्यांना हात लागतो ते. चाकांचा दांडा, फ्लॅप, आणि ऑटोपायलटचे हेडिंग, उंची, वेग यांचे तीन एन्कोडर. त्या वेळी नजर बाहेर धावपट्टीवर असते आणि माउसने बारीकसं बटण शोधायला सवड नसते. पहिल्या दिवशीच फरक जाणवेल. नंतर दिवे, नंतर बॅटरी आणि इंधनपंप. सर्किट ब्रेकरच्या लांबलचक ओळी सगळ्यांना खुणावतात, त्या सर्वांत शेवटी.

दांड्याला वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक मायक्रोस्विच लावा. फ्लॅपना मात्र पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा सलग फिरणारा रेझिस्टर) घेऊ नका. फ्लॅपच्या खाचा मोजक्याच असतात. प्रत्येक खाचेत एकेक स्विच ठेवलात तर पाचवर ठेवलेला दांडा पाचच दाखवेल, पाच आणि शेजारच्या खाचेच्या मधे थरथरत राहणार नाही. आणि पॅनेलवर अक्षरं रंगवायची ती सगळं चालायला लागल्यावर. तोवर कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने नावं लिहा, कारण पहिल्या महिन्यात स्विचांच्या जागा बदलणार हे नक्की.